सर्व हक्क सासुरवाडीचे

सर्व हक्क राखून ठेवावेत. फक्त ते घेऊन सासुरवाडीला जाऊ नये.

बायकोच्या अमेरिकेतल्या चुलतभावानं दोन ग्राफवाले कॅल्क्युलेटर आणले, एक मला, एक माझा मेव्हणा सुभाष याला. मी जालन्यात गणित शिकवतो. महिनाभर डोळे फोडून मी त्यात एक प्रोग्रॅम लिहिला : वेड्यावाकड्या शेताच्या बाजू आणि कर्ण टाका, एकर-गुंठे हजर! सुरुवातीलाच माझं पूर्ण नाव आणि खाली 'सर्व हक्क राखीव'. सुभाषनं कॉपी मागितली. मी दोन्ही मशिनींना वायर जोडून दिली. (गाढव मी!)

पुढच्या महिन्यात सासुरवाडीला, हसनाबादला गेलो, तर हा पठ्ठ्या ओट्यावर बसून गावाला शेतांची मापं काढून देत होता. पडद्यावर पहिलीच ओळ : 'निर्माता सुभाष'! माझं डोकंच सणकलं.

"माझं नाव कुठंय?"

"जागा न्हाई पुरली, दाजी. तुमचं नाव लई लांब."

"तुझं बरं पुरलं!"

"घरातलंच हाय की. कामून भांडून राह्यले?"

मी इतका ओरडलो की आतून सासरे धावत आले. त्यांनी उभ्या उभ्या निवाडा दिला, तोही लग्नपत्रिकेच्या धर्तीवर!

"जावईबापू, तुमच्या मशिनीत सगळ्यांचीच नावं टाका. पत्रिकेत नाव न्हाई म्हनून थोरले काका आठ वर्षं बोलले न्हाईत, म्हाईत हाय ना?"

झालं! सुभाष आला, शेत मोजताना टेप धरणारे काका आले, मग मामा आले, आणि शेवटी 'कै.' लावून आजेसासरेही आले. (त्यांनी जन्मभर बेरीज बोटांवर केली होती!)

मी दातओठ खात माझ्या कॅल्क्युलेटरात एकेक नाव कोंबत होतो. मशीन म्हणालं, मेमरी भरली. म्हटलं, भरते कशी बघतोच! संतापाच्या भरात खालच्या ओळी खोडत सुटलो. नावं बसली.

सासऱ्यांनी बटण दाबलं. माझं नाव आलं, मागून सगळं वऱ्हाड आलं, आजेसासरे आले. पुढे काहीच नाही.

"अन् गुंठे?" सासरे म्हणाले.

गणिताची एक ओळ शिल्लक नव्हती. महिन्याभराची मेहनत मी स्वतःच्या बोटांनी पुसली होती!

प्रोग्रॅम आता जिवंत होता तो फक्त सुभाषकडे. संध्याकाळपर्यंत कसाबसा राग गिळला आणि वायर घेऊन त्याच्यापुढे उभा राहिलो.

"सुभाषराव, जरा कॉपी..."

"घ्या की दाजी. पर माझं नाव तेवढं काढू नका बरं!"