तू, तुम्ही आणि मधली मी

नलूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी लांज्याच्या शाळेत दहावीच्या वर्गावर होते. फोनवर तिची मुलगी सुषमाताई. "आई गेली गं… सकाळी, चहा घेता घेता." आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, काय करतायत म्हणून विचारलं. "तिच्या खुर्चीशी उभे आहेत. अहो उठा, अहो उठा, म्हणतायत." तोवर मी धीराने ऐकत होते. तो 'अहो' ऐकला आणि वर्ग सोडून बाहेर आले. आमच्याकडे नवरा बायकोला 'अहो' म्हणाला तर तो थट्टेतच. त्या घरात ते कसं आलं, तेवढंच आज सांगायचंय.

आम्ही संगमेश्वराकडच्या आतल्या गावातले. कातळावर घर, खाली भातशेतीचे दोन-तीन कुणगे, म्हणजे तुकडेच, तेही भावकीत वाटलेले. वडील मुंबईत एका खानावळीत स्वयंपाकी, शिमग्या-गणपतीला यायचे. आई दुसऱ्यांच्या लावणीला जायची, पायाच्या बोटांना चिखल्या झालेल्या, त्यावर तेल चोपडून पुन्हा चिखलात. घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. १९९८ साली मी बारावी झाले तेव्हा पुढे काय, हे मला कुणी विचारलंही नाही. लग्न, दुसरं काय. तेव्हा वडिलांची ही बहीण रत्नागिरीहून आली आणि अंगणातूनच म्हणाली, "पोर माझ्याकडे राहील. कॉलेजात जाईल. मला घरात बोलायला कोणतरी हवंय." शेवटच्या वाक्याला सगळे हसले. पण आत्या हसण्यावारी बोलली नव्हती.

आतोबा पोफळीच्या वीजघरातून निवृत्त होऊन रत्नागिरीत दोन खोल्या बांधून राहिले होते. तिकडच्या कॉलनीतच सुषमाताईचं जमलं होतं, मुलगा दुसऱ्या जातीचा. आतोबा लग्नाला गेलेच नाहीत, आणि त्याच दिवशी सांगून टाकलं, या उंबऱ्याच्या आत ती पुन्हा दिसता कामा नये. आत्या भांडली नाही. तिने नवऱ्याशी बोलणंच बंद केलं. मी गेले तेव्हा त्या अबोल्याला दोन वर्षं झाली होती. जेवण वेळेवर, शर्टाला इस्त्री, फक्त शब्द नाही. त्यात मी आयती सापडले. "बाय, त्यांना सांग, पानं घेतली." "तुझ्या आत्याला सांग, आमटीत मीठ नाही." "त्यांना सांग, आमटीत आहे, जिभेला चव उरली नसेल." दोघं हातभर अंतरावर, आणि मधे मी.

केबलवाल्याने तेव्हा एक फ्रेंच वाहिनी फुकटात जोडून दिली होती. रविवारी दुपारी तिच्यावर सिनेमे लागायचे, खाली इंग्रजी ओळी. सगळे घरातल्या भानगडींचे. लांबलचक टेबलाभोवती आईबाप, मुली, जावई, सोडून गेलेली बायको आणि वर तिचा नवा माणूसही. निम्मा वेळ खाणं, निम्मा वेळ भांडण. आत्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी ओळी वाचून मराठीत सांगायची. म्हणजे तिथेही निरोप्या मीच! आत्या पदर तोंडाला लावून बघायची. "मेली तोंडावर सांगत्ये नवऱ्याला, कंटाळा आला तुझा… आणि तो बघ, पाव कापतोय!" मग जरा थांबून, "पण उठून कुणी जात नाही गं." आतोबा आतल्या खोलीत पेपर धरून बसलेले असायचे. सिनेमा संपेपर्यंत पान उलटल्याचा आवाज यायचा नाही.

एकदा तिने विचारलं, "ती त्याला अरे म्हणते की अहो?" इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, मला सांगता येईना. कॉलेजात इंग्रजीच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, आपल्यासारखंच फ्रेंचमध्येही आहे, 'त्यू' म्हणजे तू आणि 'व्हू' म्हणजे तुम्ही. जीव जडला की तुम्हीवरून तूवर येतात, बिनसलं की कधीकधी परत तुम्हीवर जातात. बक्षीस मिळाल्यासारखी ही माहिती मी घरी आणली. तेव्हापासून डोळे माझे आणि कान आत्याचे. "आली, आली तूवर!" आतून खोकल्याचा आवाज. आत्या मुद्दाम मोठ्याने म्हणायची, "आपल्याकडे उलटं असतं, बाय. तुम्ही आहे तोवर संसार. तू आलं की काडीमोड."

मी शेवटच्या वर्षाला असतानाचा तो रविवार. सिनेमात मुलीचं लग्न, बाप रुसून घरी बसलेला आणि बाकी सगळे टेबलाशी त्याची वाट बघतायत. विनोदीच होता, पण आत्या हसत नव्हती. नेमकी वीज गेली. पडदा काळा. आणि आतून आतोबांचा आवाज आला, मला उद्देशून. "काय गं, गेला का तो म्हातारा लग्नाला?"

मी तोंड उघडलं. पण आत्याच बोलली, खुर्चीतून न हलता, काळ्या पडद्याकडे बघत.

"तू गेलास का?"

इतक्या वर्षांतले पहिले शब्द, आणि त्यात 'तू'. निरोप पोचवायला मला काही उरलंच नाही.

आतोबा चपला घालून बाहेर पडले ते दिवेलागणीपर्यंत आले नाहीत. आत्याने भात टाकला, तिघांचा. मी घाबरले होते. हे घर मोडलं तर माझं कॉलेजही मोडलं, हे मला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते चिपळूणला गेले, सुषमाताईच्या घरी. संध्याकाळी आले आणि माझ्याकडे न बघता थेट आत्याला म्हणाले, "गणपतीला येतायत. घावनघाटल्याचं काय ते तुम्ही बघा."

तुम्ही! तेव्हापासून ती त्यांना तू म्हणायची, आणि ते तिला तुम्ही. ती थट्टा होती, राग होता, की माफी… आत्याला विचारलं तर म्हणाली, "तुझ्या मॅडमना विचार."

सगळं गोड झालं असं नाही. जावयाशी आतोबा हवापाण्यापलीकडे कधी बोलले नाहीत. सुषमाताईची मुलगी आजोळ न बघताच चालायला लागली होती. ते दिवस कुणाला परत आणता आले नाहीत.

गेल्या रविवारी जाऊन आले. ती वाहिनी केबलवरून केव्हाच गेली. टीव्हीसमोर वेताच्या दोन खुर्च्या तशाच आहेत. आत्याच्या खुर्चीत कुणी बसत नाही. शेजारच्या खुर्चीत आतोबा बसतात, आतल्या खोलीत ते आता जात नाहीत. नातीने विचारलं, "आबा, चहा?" तर ते सवयीने शेजारी वळून म्हणाले, "तुम्ही घेता ना?" सुषमाताईने दोन कप आणून ठेवले.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. आणि आत्याच्या दहाव्या-बाराव्याचं सगळं, त्याच उंबऱ्याच्या आत उभं राहून, तिच्या लेकीने केलं.