तांबे सरांचा डावा हात

सुदाम तांबे सरांशी माझी ओळख त्यांचा अपमान करून झाली, हे त्यांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथात लिहावं की नाही, याचा मी बराच विचार केला. मग लिहायचं ठरवलं, कारण सर स्वतःच ती गोष्ट भेटेल त्याला सांगत असतात. माझी बदली तेव्हा नुकतीच रेवदंड्याच्या शाळेत झाली होती. गावात सरांच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. तो संपल्यावर मी मंचामागे गेले आणि पांढऱ्या सदऱ्यातल्या एका गृहस्थांना म्हणाले, "बाकी सगळं छान झालं, फक्त तुमचं ते व्हायोलिन बेसूर होतं."

"ते मीच वाजवत होतो," गृहस्थ म्हणाले.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. सर मात्र मोठ्यानं हसले. "तुम्हाला येतं का वाजवायला?" मी हो म्हटलं. "मग पुढच्या तालमीपासून तुम्ही वाजवा, बाई. एकीकडे गज ओढत दुसरीकडे मंडळी सांभाळायची म्हणजे तारेवरची कसरत होते माझी." तेव्हापासून मी वाद्यवृंदात आहे, आणि फटकळ म्हणून माझी ख्यातीही तेव्हापासूनचीच आहे.

सर पेशानं गणिताचे शिक्षक. निवृत्त झाले तरी हिशेबीपणा गेला नाही. फरक एवढाच, की आता ते मात्रा मोजतात. भीमजयंतीला बौद्धवाडीत, नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात, उरुसाला मुरुडला, माघी गणेशजयंतीला पालीला, जिथून बोलावणं येईल तिथं वाद्यवृंद गेला आणि तालीम सगळ्यांसाठी सारखीच झाली. एकदा आमच्यातला कुणीतरी कुरकुरला, "सर, हळदीचा तर कार्यक्रम. नाचायलाच येणार माणसं. एवढी कशाला तालीम?" सरांनी शांतपणे विचारलं, "हळदीला येणारी माणसं बहिरी असतात का?" त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

माणूस म्हणून सर कसे, हे मला अलिबागच्या दवाखान्यात कळलं. माझी आई तिथं आजारी होती आणि पथ्याच्या खिचडीला पार विटली होती. सर एसटीनं रोज यायचे. येताना काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, भाजलेली तांदळाची भाकरी नि चिमूटभर सुकटीची चटणी आणायचे, आणि नर्सबाईंची नजर चुकवून आईच्या उशाशी ठेवायचे. गणिताच्या मास्तरांनी केलेली ती बहुधा एकमेव चोरी. आई आजही डॉक्टरांपेक्षा त्या चटणीचे गुण जास्त गाते.

आता त्या डाव्या हाताविषयी. सर उजव्या हातानं ठेका देतात, हे सगळ्यांना दिसतं. पण आमचं खरं राज्य चालायचं ते डाव्या हातावर. तळवा खाली केला की आवाज कमी. मूठ मिटली की थांबायचं. आणि बोटं थरथरवली की लय चढवायची. हे कुठल्या पुस्तकातलं शास्त्र नाही, सरांनीच बसवलेली खूण आहे. ढोलकीवाला हिराजी, म्हणजे रेवदंड्याचा कोळी गडी, तर त्या बोटांवरून नजर काढायचा नाही.

अशातच मुरुडच्या एका हौशी कुटुंबानं नातीच्या बारशाला अख्खा वाद्यवृंद बोलावला. पाळणा आम्ही संथ लयीत सुरू केला. आत्याबाई सुरांबरोबर पाळणा झुलवत होत्या, बायका गात होत्या, फार गोड चाललं होतं. इतक्यात सरांची बोटं थरथरली. हिराजीनं लय चढवली. बोटं थरथरतच राहिली, हिराजी आणखी चढला, त्याच्यामागं आम्ही सगळे. आमच्या गाणारीला दम लागला. आत्याबाई बिचाऱ्या तालाला इमानी, त्याही पाळणा त्याच वेगानं झुलवायला लागल्या. शेवटी पोरीची आजी ओरडली, "अगो हलू! पोर उडंल ना!"

पोर मजेत होती, हसत होती. पाहुण्यांना वाटलं ही नवी पद्धत, त्यांनी टाळ्या वाजवल्या. गाडीत बसल्यावर मात्र सगळे हिराजीवर तुटून पडले. तो कळवळून म्हणाला, "सरांनी बोटा हालवली, मी चढवली. माजा काय चुकला?"

"तुझं काही चुकलं नाही," सर म्हणाले. "बोटं हलली हे खरं. पण मी हलवली नव्हती."

त्याच आठवड्यात ते दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरांनी कंपवाताचं निदान केलं. सरांनी तेही गणितातल्या उत्तरासारखं सांगून टाकलं आणि डावा हात विजारीच्या खिशात घातला. पुढचे काही कार्यक्रम आम्ही तसेच केले. लय बिघडली नाही, पण गाण्यात जीवच राहिला नाही. मग एका तालमीत सर म्हणाले, "आता हिराजीनं सांभाळावं. मी पुढं बसून ऐकीन."

हिराजीनं ढोलकी बाजूला ठेवली. "मना न्हाय जमणार. तुमी न्हाय तर मी पन न्हाय."

कीबोर्ड वाजवणारे मुरुडचे रफिकभाई शिंपीकाम करतात, त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्ट दुरुस्त होण्यासारखी वाटते. ते म्हणाले, "सर, खूण बदलू या ना. बाही लांब झाली तर कुणी सदरा फेकून देतं काय?"

मग खुणेवरून जी वादावादी झाली, ती ग्रामसभेलाही लाजवील. भुवया उडवाव्यात, तर त्या चष्म्याआड जातात. मान हलवावी, तर सर स्वतःच म्हणाले, "आणि उद्या मानही हलायला लागली तर? तुम्ही बारशाची पोर खरंच उडवाल." अखेर ठरलं, की डावा हात कुणी बघायचाच नाही, सर एक पाऊल पुढं आले की लय चढवायची. पण हिराजीच्या डोळ्यांची सवय जाईना. बोटं हलली की त्याची ढोलकी धावायचीच. शेवटी त्यानं आपली जागा बदलली आणि तो सरांच्या उजव्या अंगाला जाऊन बसला, जिथून डावा हात दिसतच नाही. "होरीत बी मी जागा बदलत न्हाय," तो म्हणाला, "तुमच्यासाटी बदलली." होरीतली, म्हणजे होडीतली जागा कोळ्यासाठी काय असते हे सरांना ठाऊक होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

सर राहिले, पण एका अटीवर. "ज्या दिवशी माझ्यामुळं गाणं बिघडेल, त्या दिवशी मला तोंडावर सांगायचं. हे काम बाईंचं. त्यांना सवय आहे." सगळे हसले. मी हसले नाही. सांगायचं म्हणजे सरांना मंचावरून उतरवायचं, असंच मी समजले होते. प्रत्येक कार्यक्रमानंतर सर माझ्याकडे बघायचे, मी मान हलवून "नाही" म्हणायचे, आणि माझा जीव भांड्यात पडायचा.

गेल्या हिवाळ्यात तो दिवस आला. रेवदंड्यातच कार्यक्रम होता. शेवटचं गाणं अवघड, आणि तोवर सरांचं सगळं अंग जड झालं होतं. पाऊल पुढं पडायला हवं तिथं पडलं नाही. गाणारी पुढं, ढोलकी मागं, मी मधेच लोंबकळत. लोकांना फारसं कळलं नाही, आम्हाला कळलं. नंतर चहा घेताना सरांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलावंसं मला फार वाटलं. पण ज्यांनी मला खरं बोलल्याबद्दल आपल्यात घेतलं, त्यांच्याशी खोटं कसं बोलणार?

"शेवटचं गाणं ढासळलं, सर."

"माझ्यामुळं?"

"हो. तुमच्यामुळं."

रफिकभाईंनी कप खाली ठेवला. हिराजी माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याचं जाळंच कापलंय. सरांनी चहा संपवला आणि शेजारी बसलेल्या काकूंना विचारलं, "माझ्या गोळीचा जोर कधी असतो गं?"

"घेतल्यावर तासाभरानं," काकू म्हणाल्या. "मग उतरत जातो."

"मग अवघड गाणी त्या वेळात घ्यायची, सोपी शेवटी. साधा हिशेब आहे, आधीच सुचायला हवा होता." आणि माझा चेहरा बघून ते म्हणाले, "अहो बाई, रडता कशाला? गाणं बिघडलं तर सांगा म्हणालो होतो. थांबवा म्हणालो नव्हतो."

तेव्हापासून आमच्या कार्यक्रमांचा क्रम सरांच्या गोळीच्या वेळेवर ठरतो आणि गाणी उत्तम होतात. सरांच्या पंचाहत्तरीला सगळे त्यांना निरोगी दीर्घायुष्य चिंततील, मीही चिंतते. पण तेवढ्यावर माझं समाधान नाही. सर, तुम्ही शंभरी ओलांडा. पुढंही काही गाणी ढासळतील आणि मी दर वेळी तोंडावर सांगेन. तुम्ही मात्र थांबू नका.