एकोणीस नंबरचा माणूस

टायरच्या दुकानावर तीन खोल्यांचा एक स्टुडिओ होता. तिथे सगळे त्यांना फ्रेमकाका म्हणत. पडद्यावर एका सेकंदात पंचवीस चित्रं सरकतात. त्यांतल्या एकेका चित्राला फ्रेम म्हणतात, आणि एक जरी फ्रेम वाकडी गेली तरी काकांच्या कपाळावर आठी उमटायची. तरुणपणी त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मग केबलवरच्या जाहिरातींतली अक्षरं नाचवली, आणि चाळिशीत बरोबरीची माणसं स्थिरस्थावर झाली तेव्हा हे कॉम्प्युटरसमोर नव्याने शिकायला बसले. आता वय छप्पन्न. लग्न केलं नाही. आई गेल्यानंतर धाकटी बहीण, एवढंच काय ते घर.

पडद्यावर गर्दी उभी करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एक राखाडी, बिनचेहऱ्याचा माणूस ते तयार करायचे आणि त्याच्याच हव्या तितक्या प्रती काढायचे. या प्रतींना क्लोन म्हणतात. प्रत्येकाला एक नंबर असतो आणि नंबरापुढे एक खूण. खूण ठेवली की तो क्लोन दिसतो, काढली की दिसत नाही. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला काका पहिल्याच दिवशी बजावायचे, "खूण काढलीस म्हणून तो गेला असं समजू नकोस. तो तिथेच उभा असतो. बाकीचे त्याला धडकणार, अडणार. त्याला खरंच काढायचा असेल तर कॉम्प्युटरच्या हिशेबातूनही काढावा लागतो." एकदा कोणीतरी हे विसरलं होतं आणि सरबताच्या जाहिरातीत बाटल्या हवेतच आपटून मागे उडत होत्या. स्टुडिओच्या मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "काका, या भुताचा पगार कोणाच्या खात्यातून द्यायचा?"

त्या वर्षी पोलिसांचं एक काम आलं. एका गोदामाच्या आवारात वजनकाटा सांभाळणाऱ्या माणसाला भरदिवसा ठेचून मारलं होतं. हमालांच्या दोन टोळ्यांमध्ये आधीपासून धुसफूस होती. काटेवाल्याने एका टोळीचा ट्रक आधी काट्यावर घेतला आणि दुसरी टोळी त्याच्यावर धावून गेली. आवारात सत्तावीस माणसं होती. कॅमेरे दोन होते, पण काटा दोघांच्याही टप्प्याबाहेर. अकरा सेकंदांत सगळं संपलं होतं. तेच आता काकांनी राखाडी माणसं वापरून पडद्यावर उभं करायचं होतं.

तपास अधिकारी शांत, जाडजूड चष्म्याचा माणूस होता. त्याने जबाब आणि मोजमापं काकांच्या टेबलावर ठेवली. "पहारी घेतलेले तिघं सापडलेत. भानगड चौथ्याची आहे. ट्रकवाला म्हणतो, तोंडाला फडकं बांधलेल्या एकाने काटेवाल्याला मागून धरलं होतं. वॉचमन म्हणतो, चौथा कोणी नव्हताच. तिघं तोंड उघडत नाहीत. तुम्ही दोन्ही प्रकार करा, चौथ्यासकट आणि चौथ्याशिवाय. जखमांशी कोणता जुळतो ते मी बघतो."

चौथ्याचा नंबर होता एकोणीस.

काका कामाला बसले. पहिली पहार कानशिलावर, एकोणचाळिसाव्या फ्रेमला. दुसरी खांद्यावर, हाड मोडणारी. तिसरी पुन्हा डोक्यावर. प्रत्येक घाव ते पुढेमागे सरकवून पाहायचे, त्यामुळे काटेवाला दिवसभरात शंभरदा मरायचा. जेवणाचा डबा तसाच परत जायला लागला. बाई म्हणाल्या, "काका, जाहिरातीचं काम घ्या थोडं, चव बदलेल." काका नुसते मान हलवायचे.

मग एकोणीस नंबरची पाळी आली. जबाबात चारच शब्द होते, 'एकाने मागून पकडून ठेवलं'. काकांनी त्याचे हात काटेवाल्याच्या कोपरांखालून घातले, दोन्ही दंड मागे खेचले, आणि उजवा गुडघा त्याच्या पाठीत, कण्याच्या डाव्या बाजूला रुतवला. धनुष्यासारखा वाकलेला तो देह पाहताना त्यांचा हात माउसवरच थांबला. हे त्यांनी कुठे वाचलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी बहिणीच्या स्वयंपाकघरात पाहिलं होतं. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून नवऱ्याने तिला अस्संच धरलं होतं आणि तिचं तोंड गरम तव्याच्या दिशेने दाबत नेलं होतं. काका मध्ये पडले तेव्हा त्यांचाही एक दात गेला.

बहिणीचा नवरा हमालांचा मुकादम होता. त्याच दुसऱ्या टोळीचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी बहीण काकांच्या खोलीवर आली. डावा हात तिने पोटाशी धरला होता.

"दादा, ते चित्र तूच करतोयस ना?"

"कोणी सांगितलं?"

"त्यांना सगळं कळतं. तीनच माणसं दाखव म्हणतात. तूच सांगायचास ना, एक खूण काढली की माणूस दिसत नाही म्हणून? काढ की मग."

"आणि तुझ्या पाठीवरची? तीही काढू का?"

"माझ्या पाठीचं मी बघीन." तिचा आवाज चढला. "तो आत गेला तरी कधीतरी बाहेर येणार ना रे? तेव्हा कोणाच्या दाराशी येईल? तुझ्या? मार मला बसणार, बोलायला जातंय काय तुझं!"

काका उठले. त्यांनी चहा टाकला. तिने तो एका हाताने प्यायला आणि निघून गेली.

शुक्रवारी सकाळी मुकादम स्वतःच आला. स्टुडिओत अजून कोणी पोचलं नव्हतं. त्याने दार लावून घेतलं आणि हसत हसत काकांच्या शेजारची खुर्ची ओढली.

"काय मेव्हणे, फार मोठी कामं घ्यायला लागलात! माउस कोणत्या हाताने धरता?"

काका उठायला गेले. मुकादमाने त्यांचा उजवा हात टेबलाच्या खणात कोंबला आणि मांडीच्या जोराने खण बंद केला. करंगळीचं हाड मोडल्याचा आवाज काकांना आधी ऐकू आला, कळ मागाहून आली. किंकाळी फुटू नये म्हणून मुकादमाने त्यांच्या तोंडावर पंजा दाबला. त्या पंजाला तंबाखूचा आणि गोणपाटाचा वास येत होता.

"अजून नऊ आहेत. नऊ संपली की तुमची बहीण आहे. ती माझ्या हाताखालीच असते." खण सोडून त्याने काकांची कॉलर नीट केली. "अकरा वाजता साहेब येणार ना? तिघंच दाखवा."

तो गेला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. काकांनी करंगळी शेजारच्या बोटाला पट्टीने बांधली. डोळ्यांपुढे अंधारी येत होती. डाव्या हाताने त्यांनी यादी उघडली, एकोणीस नंबरापुढची खूण काढली आणि वरून दिसणारं दृश्य एकदा चालवून पाहिलं. तीन राखाडी माणसं, पहारींचे फटके, मध्ये दबलेला काटेवाला. एकोणीस नाही. त्यांनी सुस्कारा सोडला आणि फाइल बंद केली.

अधिकारी बरोबर अकराला आला. सोबत दोन शिपाई आणि एक महिला शिपाई होती.

"बोटाला काय झालं?"

"खणात सापडलं." काका पडद्याकडे वळले. "साहेब, चौथ्यासकट करून पाहिलं, पण जमत नाही. हिशेब लागत नाही. तिघंच बरोबर वाटतात."

चित्र चाललं. अधिकाऱ्याने ते तीनदा पाहिलं. मग म्हणाला, "वरून नुसती डोकी दिसतात. बाजूने दाखवा."

बाजूचा कॅमेरा फाइलमध्ये होता. काकांनीच लावलेला. नाही म्हणायला कारण सापडेना. त्यांनी कळ दाबली.

पहिली पहार कानशिलावर बसली. काटेवाल्याची मान लटकली, गुडघे वाकले, पण तो पडला नाही. दुसरा घाव बसला. तो उभाच. तिसराही बसला. दंड मागे ताणलेले, छाती पुढे, टाचा जमिनीपासून उचललेल्या, आणि मागे कोणीही नाही. मेलेला माणूस हवेत टांगल्यासारखा मार खात होता.

"हा पडत का नाही?" अधिकाऱ्याने विचारलं.

काकांना कळून चुकलं. जी गोष्ट पंधरा वर्षं दुसऱ्यांना शिकवली तीच आज त्यांच्याकडून राहिली होती. त्यांनी एकोणीसला झाकलं होतं, पण हिशेबातून काढलं नव्हतं.

अधिकारी पडद्याजवळ गेला आणि वाकलेल्या पाठीवर त्याने बोट ठेवलं. "इथे काय रुतलंय? डाव्या बाजूला?"

"गुडघा," काकांच्या तोंडून निघून गेलं.

"गुडघा." अधिकाऱ्याने चष्मा काढून पुसला. "प्रेताच्या पाठीवर नेमका इथेच वाटीएवढा काळानिळा डाग आहे. तो अहवाल अजून माझ्या कपाटात आहे, काका. तुम्हाला मी दिलेलाच नाही. ट्रकवाल्यालाही गुडघा दिसला नव्हता. मग तुम्हाला कसा दिसला?"

काकांनी पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं. मग डाव्या हाताने यादी उघडून एकोणीस नंबरापुढे खूण केली. काटेवाल्याच्या मागे एक राखाडी माणूस उभा राहिला आणि सगळं चित्र आपल्या जागी बसलं.

"असाच डाग माझ्या बहिणीच्या पाठीवर आहे," ते म्हणाले. "साहेब, आधी तिच्याकडे चला. तिचा नवरा आता घरीच असेल."

जीप दहा मिनिटांत पोचली. मुकादम जेवायला बसला होता. जिन्यात बूट वाजले तसा तो ताट उडवून उठला. काकांना दारात पाहून त्याला काय ते कळलं. "शेवटी भावाने दाखवलंच!" असं ओरडून त्याने बायकोला ओढलं, हात तिच्या कोपरांखालून घातले, दंड मागे खेचले आणि गुडघा पाठीत रोवून तिला दारातल्या माणसांसमोर ढालीसारखी धरली. तिची छाती पुढे आली, टाचा उचलल्या गेल्या. अधिकारी जागच्या जागी थबकला. अर्ध्या तासापूर्वी पाहिलेली फ्रेम त्याच्यासमोर उभी होती.

काकांनी दाराशेजारचं लाकडी स्टूल उचललं आणि मोडक्या बोटासकट सगळी ताकद लावून मुकादमाच्या त्या गुडघ्यावर हाणलं. पहिल्या फटक्याने पकड सुटली, दुसऱ्याने तो खाली बसला. तिसरा शिपायांनी हवेतच अडवला. "बस काका, बस." तरी काकांना थांबता येत नव्हतं.

शिव्या देणाऱ्या मुकादमाला खाली नेल्यावर खोलीत सांडलेलं वरण आणि उलटलेलं स्टूल उरलं. बहीण भिंतीला धरून श्वास घेत होती.

"खूण पुसली नाहीस ना?" तिने विचारलं.

"पुसली होती," काका म्हणाले. "परत केली."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग होता की दुसरं काही, ते काकांना कळेना. मग तिने महिला शिपायाला जवळ बोलावलं, तिच्याकडे पाठ केली आणि उजव्या हाताने ब्लाउजची बटणं काढू लागली.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "सगळे डाग मोजा. जुनेसुद्धा."

काका तोंड भिंतीकडे फिरवून उभे राहिले आणि महिला शिपाई मोठ्याने मोजत होती ते ऐकत राहिले.