शमीमचा पेला

शमीमच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी पेंड भिजवत होते. "मावशी, अम्मी गेली," एवढंच म्हणाला. ती काही दिवस कोल्हापूरच्या दवाखान्यात होती, त्यामुळे बातमी अगदीच अचानक नव्हती. मी पेंड म्हशींपुढे ठेवली, हात धुतले, साडी बदलली आणि तिच्या घरी गेले. जमलेल्या बायकांसाठी चहा टाकला. डोळ्यांत पाणी आलं नाही… त्याला आता महिना उलटून गेला.

गडमुडशिंगीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. ती कोल्हापुरात कॉलेजवर प्राणिशास्त्र शिकवायची, मी म्हशी सांभाळायचे. सकाळची बस धरण्याआधी ती स्वतःचा स्टीलचा पेला घेऊन आमच्या गोठ्यात यायची, धारोष्ण दूध प्यायची आणि तेवढ्यात मला काहीतरी शिकवून जायची. निवृत्तीनंतर बस सुटली; पेला आणि शिकवणं सुटलं नाही. एकदा गोठ्यात पडलेल्या पाइपला साप समजून मी केवढ्यांदा तरी किंचाळले. ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "लाजू नको सुमन. पाइपला साप समजणारी वाचली, सापाला पाइप समजणारी गेली. आपण सगळी भित्र्यांचीच लेकरं!" नासलेल्या दुधाच्या वासानं मी नाक मुरडलं की म्हणायची, "शाब्बास! ह्या किळसेनंच तुझं खापरपणजोबा वाचवलं." राग, भीती, माया ही तिच्या लेखी आभाळातून पडलेली नव्हती. किती पिढ्यांच्या हातांत घासून घासून विळ्याची मूठ गुळगुळीत होते, तशी ती झालेली. मला हे पटायचं. ज्याचा उपयोग आहे ते मला लगेच समजतं.

माझे मालक गेले तेव्हाही मी रडले नव्हते. थोरली जाऊ, आक्का, माझा खांदा हलवून सगळ्यांदेखत म्हणाली, "रड की गं! एक थेंब न्हाय डोळ्यात. दगडाची हाय व्हय तू?" शमीम पाण्याचा तांब्या घेऊन आत येत होती. ती तिथंच थांबली. "आक्का, रडू म्हंजे हाक असती. बोलता न येणारं लेकरू रडतंय, ते कुणीतरी यावं म्हणून. आपण सगळी आलोयच की हितं, मग ही कुणाला बोलवंल?" आक्कानं माझा खांदा सोडला. पण 'दगड' हा शब्द माझ्यापाशी राहिला. आक्का म्हणते ते खरं असेल का, अशी शंका मलाही होतीच…

पुढच्या वर्षी आमच्या चंद्रीचं रेडकू मेलं. ती दिवसदिवस ओरडायची, धारेला बसलं की दूध चढवायची, थेंब सोडायची नाही. गल्लीतले म्हणाले, दूध उतरवायची सुई टोचा. शमीमनं साफ नाही म्हटलं. मी वैतागून विचारलं, "भीती कळली, किळस कळली. ह्या दुःखाचा काय उपयोग? मेलेलं रेडकू येणार आहे का?"

तिनं चंद्रीची मान खाजवली. "मेलं नसतं, नुसतं चुकलं असतं, तर ह्याच तळमळीनं तिनं ते शोधून काढलं असतं. चुकलेलं आणि मेलेलं, ह्यातला फरक शरीराला लवकर कळत न्हाय, सुमन… माया पायजे तर हेही घ्यावं लागतंय."

मग ती रोज धारेच्या वेळी चंद्रीपाशी उभी राहून पेला खांबावर हळूहळू वाजवायची आणि तिच्याशी काहीबाही बोलायची. हळूहळू चंद्री पान्हा सोडू लागली. पुढं तो आवाज ऐकल्याशिवाय ती दूधच देईना. शमीमला याचा भारी अभिमान होता.

शमीम दवाखान्यात गेली तेव्हापासून चंद्री पुन्हा दूध चढवू लागली. डॉक्टर येऊन बघून गेले, आजार काही नव्हता. मी पेंड बदलली, ओला चारा वाढवला. उपयोग झाला नाही. एका सकाळी खुंटीकडे लक्ष गेलं. दवाखान्यात जाण्याआधी शमीमनं पेला तिथं अडकवला होता, तो तसाच होता. मी तो काढला आणि खांबावर वाजवला.

चंद्रीनं मान वळवून दाराकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग तिनं पान्हा सोडला.

मी धार काढायला बसले, पण ती वळलेली मान काही डोळ्यांपुढून हलेना. आणि मी रडले. हुंदके नव्हे, चांगली मोठ्यानं. परसातून आक्का धावत आली. "काय झालं गं? लाथ मारली व्हय म्हशीनं?" मी मान हलवून नाही म्हटलं. तिनं माझ्या मांडीवरचा पेला बघितला. नव्या साडीनिशी शेणातच माझ्याशेजारी बसली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. शमीमचं म्हणणं बरोबर होतं. हाक दिली की कुणीतरी येतं.

पेला अजून त्याच खुंटीवर असतो. रोज सकाळी मी तो वाजवते, पहिली धार त्यात काढते आणि आक्काच्या हातात देते. धारोष्ण दूध तिला मुळीच आवडत नाही. "वास मारतोय गं ह्याला," म्हणते, नाक मुरडते… पण येते.