मामांना पडलेलं एक मत

बुधवारा पेठेतून माझे मामा म्युनिसिपालटीला उभे राहिले, तेव्हा मी तिथल्याच शाळेत मास्तर होतो. मत ज्याचं त्यानं विचार करून द्यावं, असं मी वर्गात शिकवत असे.

त्या काळी मत तोंडी द्यायचं. टेबलाशी जाऊन उमेदवाराचं नाव घ्यायचं, अधिकारी ते लिहून घेई. मामांनी मला रांगेत सर्वांत पुढे उभं केलं. "तू बोललास की मागचे तेच बोलतील." स्वतः बाहेर येणाऱ्यांना पाणी देत राहिले.

आत टेबलापाशीच दुसरे उमेदवार, आमचे किराणावाले शेटजी, बसलेले. "मास्तरजी, आईची खाँसी कशी आहे?"

"बरी आहे."

"कुणाला मत?" अधिकाऱ्यानं विचारलं. शेटजी माझ्याकडेच पाहत होते. त्यांच्यादेखत दुसऱ्याचं नाव घ्यायची मला भीड पडली. मी त्यांचंच घेतलं.

मागचा म्हणाला, "मास्तरांनी दिलं तेच." त्याच्या मागचाही तेच. असा अख्खा बुधवारा बोलत गेला. शेवटी मामा आले. आपलं नाव आपल्याच तोंडानं कसं घ्यायचं, म्हणून त्यांनीही शेटजींनाच मत दिलं.

मामांना एकच मत पडलं.

दुसऱ्या दिवसापासून लोक समाचाराला येऊ लागले. जो तो मामांच्या कानाशी लागे, "दादा, ते एक मत माझं बरं का!" मामा प्रत्येकाला पान देत. तो गेला की मला म्हणत, "सगळे लबाड. मत तुझं होतं, मला काय ठाऊक नाही?"

ते मत खरं कुणाचं, हे विचारायला शेटजींना मी एकांतात गाठलं. ते चक्क लाजले. "माझं होतं. खुद्द आपलंच नाव कसं घ्यायचं? पण दादांना बोलू नका, लोक हसतील."

मला अन्न गोड लागेना. एका रविवारी मामांकडे जेवायला बसलो असता सांगून टाकलं, "मामा, ते मत माझं नव्हतं. मी शेटजींना दिलं."

मामांचा घास हातातच राहिला. "म्हणजे या बुधवाऱ्यात माझं असं कोणीच नाही?"

तो चेहरा मला पाहवेना. "थट्टा केली, मामा. माझंच होतं."

त्यांनी तात्काळ विश्वास ठेवला. "अगं, याला शिरा वाढ," ते मामीला म्हणाले, "गावात हा एकच खरं बोलणारा आहे."

मी शिरा दोनदा मागून घेतला.