चोळ्याच्या धवलारणीला काही वाटेनासं झालं

चोळे गावात तुळसाला तिच्या नावाने हाक मारणारं माणूस उरलं नव्हतं. सगळ्यांची ती धवलारीण. आगऱ्यांचं लग्न धवलारणीशिवाय पुरं होत नाही. मांडवात बसून हळदीपासून पाठवणीपर्यंतचे धवले गाणारी बाई हवीच, आणि डोंबिवलीपासून शहाडपर्यंतच्या गावांत तुळसाचं गाणं म्हणजे खात्रीचं काम. एकेका घराण्यातल्या सगळ्या नातेवाइकांची नावं ती गाण्यात बिनचूक गुंफायची. आपलं नाव राहिलं म्हणून तिच्या मांडवात कोणी रुसून बसलं नाही. लोकांना याचं फार कौतुक होतं. बाई, तू जेवलीस का, हे मात्र त्या कौतुक करणाऱ्यांपैकी एकालाही कधी विचारावंसं वाटलं नाही.

तिचा नवरा काळुराम मिठागरावर कामाला होता. तो तरणाताठा गेला तेव्हा मुलगा पंढरी आणि मुलगी लक्ष्मी दोघंही लहान होती. तुळसाने पावसाळ्यात लोकांच्या भातलावण्या केल्या, उन्हाळ्यात लग्नं गायली आणि पोरं मोठी केली. लक्ष्मीचं लग्न करून दिलं. लढाईच्या वर्षांत ती माहेरीच बाळंतपणानंतरच्या तापात गेली आणि तिची दोन वर्षांची शकू आजीच्या पदरात आली. पाठचं तान्हं काही जगलं नाही. लग्न झालेल्या लेकीचं सुतक आईबापाला तीनच दिवस. चौथ्या दिवशी ठाकुर्लीला हळद होती आणि त्या घरची सुपारी तुळसाने आधीच घेतली होती. धवलारणीने एकदा सुपारी हातात घेतली की शब्द गेला, तो मागे येत नाही. ती चौथ्या दिवशी आंघोळ करून गेली, गायली आणि चांगली गायली. त्या मांडवातल्या बायकांनी तिच्या धीराची तारीफ केली. मला त्या तारिफेचा अजून राग येतो.

त्यानंतर ती थांबलीच नाही. स्वातंत्र्य आलं, कल्याणच्या पलीकडे निर्वासितांची छावणी वसली, गावच्या पोरांना नोकऱ्या लागल्या आणि लग्नं वाढली. पंढरी ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसमध्ये चिकटला. तो पोरगा वाईट नव्हता, फक्त आईला दमताना त्याने कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ती दमते हे त्याच्या गावीही नव्हतं. दारात कोणी सुपारी घेऊन आलं की आई घरात नसली तरी तोच हात पुढे करायचा. आईचा मान तो आपला मान. लग्नसराईत एका मांडवातून दुसऱ्या मांडवात जाताना तुळसा वाटेतच भाकरी तोडायची.

सत्तावन्न साली शकूचं लग्न ठरलं आणि तेव्हा घरातल्यांच्या लक्षात आलं की म्हातारीचं काहीतरी बिनसलंय. कालवणात मीठ दोनदा पडायचं आणि ती तेच मुकाट्याने जेवायची. रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागत नसे. शेजारच्या सखुबाईला नातू झाला तेव्हा ती पाळण्यापाशी उभी राहिली, म्हणायचं ते सगळं म्हणाली आणि घरी येऊन भिंतीकडे बघत बसली. लग्न ठरल्याचं शकूने गळ्यात पडून सांगितलं तर म्हातारीने तिच्या पाठीवरून हात फिरवला, तोही पाठ कुठे आहे हे चाचपडल्यासारखा. शकूने तिच्या गळ्यातले हात काढून घेतले. आजीचा आपल्यावर जीव नाही, असं तिने मनाशी धरलं.

आधी भगत झाला. त्याने कोंबडा घेतला, अंगारा दिला. मग पॉवर हाऊसच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, छाती तपासली आणि शरीरात काही दोष नाही म्हणून सांगितलं. ठाण्याला नौपाड्यात सुमती देवधर म्हणून डॉक्टरीण आहे, ती मनाची दुखणी बघते, तिच्याकडे न्या, म्हणाले. मनाचं दुखणं आणि त्यातून वेड्यांच्या इस्पितळाचं ठाणं म्हटल्यावर गावाने काय तर्क केला असता ते सांगायला नको. पंढरीने डोळे तपासायला नेतो अशी थाप ठोकून दिली. पुढे कितीतरी दिवस बायका तुळसाला चष्मा कुठे आहे म्हणून विचारत होत्या.

डॉक्टरीणबाईंची खोली म्हणजे एका बिऱ्हाडाची बाहेरची खोली. दोन खुर्च्या, एक पाण्याचा तांब्या. तुळसा खुर्चीत न बसता जमिनीवर बसली, तेव्हा त्याही खाली बसल्या.

"काय होतंय, तुळसाबाई?"

"कायच होत नाय. तोच तर रोग हाय."

"म्हणजे कसं?"

"लोक हसतान, मी बघताय. लोक रडतान, मी बघताय. तू सुई मार आन सोड मना."

"सुई नाही माझ्याकडे. तुम्ही दर गुरुवारी यायचं आणि आपण बोलायचं."

तुळसाला वाटलं आपली फसवणूक झाली. बोलायला ठाण्याला कशाला यायचं, बोलायला चोळ्यात माणसं नाहीत का? पण उठताना ती दारात थांबली आणि जे कोणाला सांगितलं नव्हतं ते तिच्या तोंडून गेलं.

"बाय, माजे शकूचा लगीन हाय वैशाखान. मी गाईन, गाव वाहवा करंल. पन माजे पोटान काय हाललाच नाय तर? परक्याची पोर उजवल्यासारखा झाला तर?"

"हेच धरून बोलू आपण," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

म्हणून ती पुन्हा गेली. बोलायचं म्हणजे काय हे तिला उमगायला वेळ लागला. घरच्या गोष्टी विचारल्या की ती गावच्या सांगायची. एकदा बाईंनी पाठवणीचा धवला गाऊ नका, नुसता सांगा, असं म्हटलं. चाल काढून घेतल्यावर ते शब्द तुळसाला अनोळखीच वाटले. नवरी आईला हाक मारते त्या ओळीपाशी ती अडली. पुढचं आठवेना. जन्मभर म्हटलेली ओळ.

"आईचं नाव तिथे येतं ना? शकूच्या आईचं नाव काय?"

तुळसाने पदराचं टोक पिळलं. मग उठून चालू लागली.

पुढच्या गुरुवारी तिला आयरे गावात हळद होती. ती काय करणार? भगताकडे आजारी माणूस गेलंच पाहिजे असं नसतं. त्याच्या अंगावरून तांदूळ उतरवायचे, घरच्या कोणाच्या हाती द्यायचे आणि ते बघून भगत काय ते सांगतो. तुळसाने मूठभर तांदूळ डोक्यावरून उतरवून फडक्यात बांधले आणि पंढरीला ठाण्याला धाडलं. पंढरीनेही अगदी गंभीरपणे ती पुरचुंडी डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात सोडली.

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "तांदळांना बोलता येत नाही, पंढरी," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला येतं. आलाच आहात तर बसा. आई आज का नाही आल्या?"

"हलद हाय आयऱ्यान. सुपारी घेतलेली."

"कोणी?"

"मी."

"आईंना विचारून?"

पंढरी पुरचुंडीची गाठ पुन्हा बांधू लागला. बाईंनी विचारलं, आई शेवटची घरात नुसती बसली होती कधी? लक्ष्मीबद्दल घरात कोणी कधी बोललं का? ती गेल्यावर आईला रडताना तुम्ही पाहिलं का? त्या चौथ्या दिवशी आईला ठाकुर्लीच्या मांडवापर्यंत पोचवायला तोच तर गेला होता. मोठा कर्ता मुलगा, पण त्या खोलीत जमिनीवर बसून तो पोरासारखा हुंदके देऊन रडला. आपल्याला बहीण होती हे जणू त्याला त्या दिवशी आठवलं.

घरी आल्यावर तो आईजवळ बसला. "आय, तांदूल परत धाडलं बायनी," म्हणाला. मग खाली मान घालून म्हणाला, "यापुढं तुला इचारल्याबिगर मी कोनाची सुपारी घेनार नाय." घेतलेल्यांपैकी दोन सुपाऱ्या त्याने स्वतः नेऊन परत दिल्या. एका घरच्या म्हाताऱ्याने त्याला दारातच शिव्या घातल्या. त्याने त्या ऐकून घेतल्या.

तुळसाचे गुरुवार मोकळे झाले. तिला काही एकदम बरं वाटलं नाही. खोटं कशाला सांगा. पण डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून ती बसून जेवायला लागली, मोकळ्या दिवशी दुपारी ओटीवर आडवी व्हायला लागली. त्या खोलीत लक्ष्मीचं नाव ती आधी कुजबुजत घेई, नंतर मोठ्याने. चौथ्या दिवसाची गोष्ट तिने पुन्हा पुन्हा सांगितली, दर वेळी कोरड्या डोळ्यांनी. दर वेळी तीत एखादी नवी गोष्ट निघे. लेकीचं लुगडं अजून वळणीवर होतं. मांडवात जाताना तुळसाने ते काढलं नव्हतं. शकूच्या लग्नात आपण गायचं नाही, नुसतं नवरीजवळ बसायचं, हेही तिने तिथेच ठरवलं.

"आन मना कायच वाटला नाय तर?" लग्नाआधीच्या शेवटच्या गुरुवारी तिने विचारलं.

"तर नाही वाटणार. रडू मी तुम्हाला देऊ शकत नाही, तुळसाबाई. पण इथे जे बोललात ते शकूला ठाऊक आहे का?"

शकूच्या हळदीला कचोरे गावची आवडाबाई गायला आली. तुळसाचा मांडव आणि गाणार दुसरी, म्हणून गावाच्या भुवया वर गेल्या होत्या. आवडाबाई बिचारी आधीच घाबरलेली. तिने तुळसाच्या कानाशी येऊन विचारलं, "नवरीच्या आयच्या जागी कोनाचा नाव घेव? तुजाच घेताय." मेलेल्या माणसाचं नाव हळदीत घ्यायचं नाही, अशी रीत तुळसानेच इतकी वर्षं पाळली होती. पोरक्या नवरीच्या गाण्यात मावशा-काकूंची नावं घालून ती जागा तिने किती वेळा भरली होती.

"लक्षुमीचा घे," तुळसा म्हणाली.

बायकांत कुजबुज झाली. आवडाबाईने पंढरीकडे पाहिलं. त्याने मान डोलावली आणि ती गाऊ लागली.

लक्ष्मीचं नाव मांडवात उमटलं. तुळसा नवरीशेजारी बसून वाट पाहत राहिली. काही झालं नाही. आवडाबाईचा सूर चढा लागलाय, हळदीत पाणी जास्त झालंय, एवढं मात्र तिला कळत होतं. ओळी पुढे चालल्या होत्या. आपल्या आत आता काहीच उरलेलं नाही, या विचाराचीही तिला भीती वाटेना. शकू मान खाली घालून बसली होती. आजीकडे बघायचंच नाही असं तिने ठरवलेलं दिसत होतं.

तुळसाने तिच्याकडे तोंड केलं आणि ठाण्याच्या खोलीत बोलायची तशी बोलायला लागली. तुझ्या आईला कच्ची चिंच मिठाबरोबर लागायची. हसताना ती तोंडावर हात धरायची, दात पुढे होते म्हणून. तुझे पण तसेच आहेत. "ती गेली आन मी चवथ्या दिशी दुसऱ्याचे पोरीची हलद गायाला गेली," ती म्हणाली. "तुजे आयसाठी मी रडली नाय, शकू. मग कोनाहीसाठी मना रडताच आला नाय. तू माजे गल्यान पडायचीस, मना समजायचाच नाय काय करायचा. तुजा काय चुकला नव्हता, पोरी."

बोलता बोलता तिचा आवाज फाटला. उभ्या जन्मात एकाही मांडवात न फाटलेला आवाज. तिने छातीवर मूठ दाबून धरली. शकूने दचकून वर पाहिलं आणि हळदीच्या हातांनी तिला धरलं.

"आजी, काय झाला? दुखताय काय?"

"दुखताय," तुळसा म्हणाली. "लय दुखताय."

शकू पाणी आणायला उठू लागली. म्हातारीने तिचा हात सोडला नाही.

"बस तू," ती म्हणाली. "दुखू दे."