एक चष्मा, एकतीस मुलं आणि गोदावरीचा उगम

शिक्षण खात्याची बातमीदारी करताना असे किस्से इतके साठतात, की वहीची मागची पानं त्यांच्यासाठीच राखून ठेवावी लागतात. मी ते बातमी म्हणून देतो, डेस्कवरची मंडळी विनोदाच्या चौकटीत छापतात. पुढचे सगळे किस्से निफाड तालुक्यातल्या एकाच शाळेतले आहेत. चौथीपर्यंतची शाळा, दोन शिक्षक. हसायचं असेल तर खुशाल हसा.

*

या शाळेत 'आभासी सहल' आली ती खोक्यातून. डोळ्यांवर चढवायचा एक जाडजूड चष्मा, आत व्हिडिओ. तो घातला की मूल जागेवर बसून जग फिरतं, असं उद्घाटनाला आलेल्या विस्तार अधिकाऱ्यांनी सांगितलं. पहिली सहल त्यांनीच निवडली होती: द्राक्षबाग.

शाळेच्या कुंपणाला लागून द्राक्षबागच आहे.

चौथीतल्या पूजाने चष्मा घातला, मान इकडेतिकडे फिरवली आणि म्हणाली, "साहेब, ह्या बागेला डाऊनी रोग लागलाय. फवारणी नाय केली का?"

साहेब म्हणाले, "तू फक्त आनंद घे."

*

चौथीच्या अलकाबाईंचं मागणं साधं होतं. वर्गातल्या एकतीस मुलांच्या घरची शेती गोदावरीच्या कालव्यावर, पण नदी कुठून निघते हे एकानेही पाहिलेलं नाही. तुम्ही शाळा सोडण्याआधी त्र्यंबकला नेऊन ब्रह्मगिरी चढवते, असा शब्द त्यांनी मुलांना दिला होता. तसा प्रस्तावही पाठवला. वरून उत्तर आलं: उगमाचा व्हिडिओ उपलब्ध आहे, तोच दाखवावा.

त्यासाठीही परवानगीचा अर्ज, आणि अर्ज जुनाच. पालकांची संमतीपत्रं, प्रथमोपचार पेटी, बसचं फिटनेस सर्टिफिकेट.

बाईंनी कार्यालयात फोन लावला. "भाऊसाहेब, मुलं वर्गातच बसणार आहेत हो."

"मग वर्गाचं जोडा."

"वर्गाचं फिटनेस?"

"रकाना मोकळा चालत नाही, बाई."

बाईंनी इमारतीचा तपासणी अहवाल जोडला. त्यात छत धोकादायक असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. सहल मंजूर झाली. छताबद्दल आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही.

*

चष्मा एक, मुलं एकतीस. म्हणून एकाने बघायचं आणि बाकीच्यांना सांगायचं, अशी पद्धत पडली.

"काय दिसतंय रे?"

"डोंगर."

"आन् आता?"

"दुसरा डोंगर."

"माकडं हायेत का?"

"नाय."

"मग ते ब्रह्मगिरी नाय. माझे आजोबा गेले होते, त्यांची चप्पल नेली माकडानं."

एवढ्यात बघणाऱ्याने दोन पावलं पुढे टाकली आणि तो कपाटावर आपटला. कपाळाला टेंगूळ. प्रथमोपचार पेटी कामी आली. मुख्याध्यापक पवारसरांनी नोंदवहीत लिहिलं, 'ब्रह्मगिरी चढताना किरकोळ इजा.'

*

खरी मेख पुढे होती. नियमाने वर्षाला सहल एकच. ती नोंदवहीत झालेली. म्हणजे खरी सहल गेली. आणि चौथीची मुलं पुढच्या वर्षी तीन गावांतल्या तीन शाळांत पांगणार.

मी तडक विस्तार अधिकाऱ्यांच्या टेबलापाशी गेलो. "साहेब, मुलांनी नदीचा उगम बघायचा नाही?"

"बघितला ना. आता परत कशाला?"

"तुम्ही स्वतः बघितलाय?"

"अहो, व्हिडिओ मीच मंजूर केला."

"डोंगर चढून?"

"तुम्ही पत्रकार फार नकारात्मक असता."

*

शेवटी पालकांनीच ठरवलं. रविवारी दोन गाड्या करून आपापल्या मुलांना घेऊन दर्शनाला जायचं. अलकाबाईही दर्शनालाच निघाल्या. रविवारी देवाला जायला अजून रकाना भरावा लागत नाही. पवारसर म्हणाले, "बाई, मला काही सांगू नका. म्हणजे मला काही माहीत नसेल."

पायऱ्या चढून मुलं वर पोचली. उगमापाशी बोटाएवढी धार.

पूजा म्हणाली, "बाई, एवढीच?"

"इथं एवढीच."

पूजाने धारेवर तळहात दाबला. "बाई, मी गोदावरी अडवली."

"सोड आता. खाली नाशिक वाट बघतंय."

*

त्या तळहाताचा फोटो बाईंनी वर्गात लावला. पुढच्या भेटीत साहेबांनी तो बराच वेळ न्याहाळला. त्यांच्या मंजूर व्हिडिओत उगमाच्या जागी भरपावसातला धबधबा होता, धो धो कोसळणारा.

आठवड्याभरात बाईंना नोटीस आली. मी ती स्वतःच्या डोळ्यांनी वाचली आहे. 'भिंतीवरील छायाचित्रातील उगम व मंजूर व्हिडिओतील उगम यांत पाण्याच्या प्रमाणाबाबत तफावत आढळते. विद्यार्थ्यांत संभ्रम निर्माण केल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. अन्यथा छायाचित्र काढून टाकून सेवापुस्तकात नोंद घेण्यात येईल.'

पवारसर घाबरले. "काढा बाई तो फोटो. कशाला उगाच."

बाईंनी फोटो काढला नाही. एका ओळीचं उत्तर पाठवलं: 'पाणी किती सोडावे हे मी ठरवलेले नाही, तरी खुलासा नदीकडून मागवावा.'

चौथ्या दिवशी कागद परत आला. खाली गोल शिक्का, सही आणि शेरा:

'नदीचा खुलासा मुख्याध्यापकांमार्फत सादर करावा.'